मुराळ्याची गाडी

२०२५ साल. मला तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि माझी मोठी बहीण, आमची आका, चौऱ्याऐंशीची. ती केळव्याला दिलेली. दिवाळी होऊन गारवा पडला तेव्हा तिचा फोन आला, "दाम्या, यंदा घरच्या विहिरीचं पानी पिऊन जाते. यंदा नाय आले तर मग नायच." एवढंच बोलली. मी म्हटलं, येतो न्यायला.

आता आणायला जायचं म्हणजे मुराळी होऊन जायचं. आजच्या पोरांना मुराळी ठाऊक नाही म्हणून सांगतो. सासरी असलेल्या मुलीला माहेरी आणायला जो घरचा पुरुष जातो तो मुराळी. तो रिकाम्या हाताने जात नाही आणि भाड्याच्या वाहनाने तर मुळीच जात नाही. आमचे वडील बैलगाडी घेऊन जायचे, दोन दिवस लागायचे. मी केळीच्या पैशावर घेतलेली निळी गाडी घेऊन जाणार होतो. जुनी आहे. गोल दिव्यांची, कार्बोरेटरवाली. पण माझी आहे.

मुलगा म्हणाला, माझी एसी गाडी घ्या. आकाला बंद काचांच्या गाडीत उलटी होते हे त्याला माहीत आहे. तरी म्हणाला.

गास

गाडीत एक दुखणं होतं. टाकीतलं पेट्रोल ओढणारा जुना पंप इंजिनाच्या पोटाला असायचा, इंजिन हललं की तोही हलायचा. त्याचा पडदा फाटला आणि तसा पडदा आता कुठे मिळत नाही. म्हणून नालासोपाऱ्यातून विजेवर चालणारा पंप आणला. दुकानात दोन होते, एक साधा, एक जोराचा. मी जोराचा घेतला. उभा जन्म ज्याने केळीच्या वाडीला पाणी दिलं तो माणूस कमी जोराचा पंप विकत घेईल का? तुम्हीच सांगा.

तर तो जोर कार्बोरेटरला सोसेना. कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा गोळा तरंगतो. वाटी भरली की गोळा वर येतो आणि सुई लावून वाट बंद करतो. घराच्या टाकीत पाण्याचा गोळा असतो, अगदी तसाच. पण मागून पेट्रोल एवढं ढकलतंय म्हटल्यावर सुई बिचारी काय करणार? वाटी वाहते, इंजिनावर पेट्रोल सांडतं, मागून काळा धूर.

माझा मित्र इनास आमच्याच गास गावचा. उमेदीत मुंबईला एका गॅरेजात होता. तो म्हणाला, "रेग्युलेटर लाव." गॅसच्या शेगडीला असतो तसाच रेग्युलेटर, पेट्रोलच्या नळीत बसवायचा. वर एक ते सहा आकडे आणि फिरवायची चकती. बसवला. इनास म्हणाला दोनवर ठेव. मी चारवर ठेवला. सहा आकडे दिलेत ते काय शोभेला?

बायकोने सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा केळीच्या पानात बांधून हातात दिला आणि म्हणाली, "आकाला आणायला चाललाय की गाडीला फिरवायला?"

इनास शेजारी बसला. मी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "ढकलायला कोनी पायजे ना."

मारंबळपाडा

पूर्वी केळव्याला जायचं तर हायवेचा मोठा वळसा. आता विरारच्या मारंबळपाड्याहून रो-रो बोट सुटते, गाडीसकट खाडी ओलांडून पलीकडे जलसारला उतरवते. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा पाहावी. लोखंडी तराफ्यासारखी बोट, पुढचं तोंड उघडतं, गाड्या आत जातात, तोंड मिटतं. खाडीचं पाणी मातकट, दोन्ही तीरांना तिवरं, आणि वर बगळे. मनाला बरं वाटतं. पण बरं वाटायला आधी बोटीपर्यंत पोचावं लागतं.

बोळींजच्या सिग्नलला निळीने पहिला धूर सोडला. शेजारी स्कूटरवरचा एक जण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अंकल, गाडी जल रही है क्या?" मी म्हटलं, "अजून नाही." इनासने खिडकीची काच खाली केली आणि म्हणाला, "तीन कर." मी केला नाही. नारंगीच्या पुढे इंजिन गुदमरून बंद पडलं तेव्हा केला. तो त्याने सांगितलं म्हणून नव्हे, तर मला वाटलं म्हणून.

बोटीवर सगळ्यांनी इंजिनं बंद केली. मीही केलं. वाटीतलं जास्तीचं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकत राहिलं आणि वास पसरला. बोटीवरचा निळ्या शर्टाचा माणूस धावत आला.

"काका, पेट्रोल गळतंय तुमचं!"

"गळत नाही. जास्त झालंय ते बाहेर पडतंय."

"म्हणजे गळतंयच ना!"

त्याने वाळूची बादली आणली, माझ्या गाडीखाली वाळू ओतली आणि लोकांना लांब उभं केलं. सगळी बोट एका बाजूला आणि मी, इनास, गाडी एका बाजूला. जसं काही आम्हाला गोवर आलाय. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन एक बाई बसली होती. तिने ओरडून विचारलं, "बाबा, तुम्ही गाडी आनली की गाडीनं तुमाला आनलं?" सगळे हसले. इनास सगळ्यात मोठ्याने.

पलीकडे बोटीचं तोंड उघडलं आणि निळी सुरू होईना. मागे गाड्यांचे हॉर्न. शेवटी त्या हसणाऱ्या लोकांनीच ढकलत जेटीवर आणली. ढकलताना ती टोपलीवाली बाईपण होती. चांगली ताकद होती तिला.

जलसार ते केळवे

जेटीच्या बाहेर चिंचेखाली गाडी उभी करून बोनेट उघडलं. प्लग काढले, ओले चिंब. पुसले, उन्हात ठेवले. इनास म्हणाला, "आता एकवर आन." डोक्याला ताप झाला होता, आणला एकवर.

एकवर वास गेला. धूर गेला. सफाळ्याच्या अलीकडच्या चढावर गाडीपण गेली. पेट्रोल कमी पडलं, दोन धक्के दिले आणि थांबली. उतारावर मागे येऊ लागली तेव्हा इनासने उतरून चाकाला दगड लावला. दीडवर केला, थोडी चालली, पुन्हा थांबली. दोनवर केला, धूर. तिथेच आमचं भांडण झालं.

"चकती फिरवून काय होत नाय, दामू. ती टिकतच नाय एका जागी. तू हात काढला की आतला जोर तिला सरकवतो."

"माल चांगला आहे. दुकानदाराने शपथ घेऊन दिलाय."

"शपथ काय कार्बोरेटरला कळते?"

पुढे मी चकतीला हात लावला नाही आणि इनासने तोंडाला कुलूप लावलं. अशी आमची वरात, एकदा धूर, एकदा धक्का, केळव्यात पोचली. सुरूची बनं आली, पानवेलींच्या बागा आल्या. आमच्याकडे केळी नि फुलं, इकडे नागवेली. बाग म्हणजे हिरवं घरच, वर झावळ्यांची सावली, आत रांगेने वेली चढवलेल्या, आणि आतला गारवा असा की बाहेर यायला नको वाटतं. आमच्याकडची वाडी उघडी, कुणीही येऊन केळं तोडून जातो. इकडे बागेत शिरताना चपला बाहेर काढतात. नागवेल सोवळी असते म्हणतात. मला ते आवडलं.

आका दारात उभी होती. वाळून चिंचेच्या काडीसारखी झाली होती, पण डोळे तेच. मी उतरलो तशी दोन्ही हात पुढे करून आली, "आला गं माझा मुराळी," म्हणाली, मला धरलं आणि धरल्या धरल्या खोकायला लागली. खोकला थांबेना. माझा सदरा पेट्रोलने माखलेला. तिला दमा आहे, मला माहीत होतं. पण एवढा आहे हे माहीत नव्हतं. तिचा मुलगा वसंत घरातून पंप घेऊन आला, तो दम्याचा पंप, तोंडात मारायचा. तिला खाटेवर बसवलं.

मग माझ्याकडे वळला. "मामा, आधी आंघोळ करा. कपडे बाहेर ठेवा."

आंघोळ करून आलो तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मामा, तुम्ही आलात, आईला आनंद झाला. पण या गाडीतून मी तिला पाठवणार नाही. वास घेतला तर वाटेतच तिचं काही होईल. भाड्याची गाडी करतो, मी सोडतो."

"मुराळी भाड्याच्या गाडीने नेत नाही."

"मग तिला इथेच राहू दे."

आका खाटेवरून बोलली, "मी भाड्याच्या गाडीनं जानार नाय. त्या पेटीत माझा जीव जातो." आणि लगेच, "नि दाम्याच्या गाडीत खोकला आला तर मी वसंत्याचं ऐकेन. मी काय लहान पोर हाय?"

म्हणजे ठरलं. गाडीत तिला बसवायचं आणि ती खोकली तर ती जाणार नाही. यंदा नाही म्हणजे मग नाहीच, हे तिनेच सांगितलेलं.

त्या संध्याकाळी आकाच्या सुनेने उकडहंडी केली होती. आमच्याकडे उकडहंडीत कोनफळ नि कंद जास्त, इकडे वालाच्या शेंगांचा भरणा. मसाला ठीक होता. आमच्या घरची चांगली असते. आकाने सुकेळी एकेक करून सगळ्यांना वाटली आणि स्वतः वास घेत बसली, खाल्ली नाही. म्हणाली, "घरची हाय."

केळवे, पानवेलीच्या बागेत

सकाळी वसंत बागेत पाणी लावत होता. मी चपला बाहेर काढून आत गेलो. त्याने यंदा ठिबक केलंय. काळ्या नळ्या वेलींच्या मुळाशी, थेंब थेंब पाणी. मोटर मात्र जुनी, मोठी. मोटर लावली की नळ्यांची तोंडं पटापट सुटत होती, पाण्याचे फवारे उडत होते आणि वसंत धावून धावून पुढची चावी आवळत होता.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अरे, पुढे चावी आवळून काय होणार? मोटर मागून ढकलतेच आहे ना! तिला तो जोर कुठे तरी काढायला पाहिजे. मोटरच्या तोंडालाच एक फाटा काढ नि जास्तीचं पाणी परत विहिरीत सोड. मग पुढे जेवढं पाहिजे तेवढंच जातं. पुढची चावी कितीही आवळ, मागचा जोर कमी झाला नाही तर काहीतरी फुटणारच. आम्ही वाडीत बापाच्या वेळेपासून असंच करतो!"

मागे बांधावर इनास बसला होता, दात कोरत. तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"काय झालं हसायला?"

"काय नाय. दामू, हे गाडीला सांग ना."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग बागेतल्या नळीकडे पाहिलं. मला इनासचा फार राग आला. हे मला माहीतच होतं, मी फक्त गाडीच्या बाबतीत त्याचा विचार केला नव्हता, आणि मी करणारच होतो. संध्याकाळपर्यंत नक्की केला असता. पण आता त्याने तोंडातून काढलं म्हटल्यावर जन्मभर तो गावात सांगत फिरणार.

मी म्हटलं, "तेच करायला उठलोय मी."

"हो, हो," इनास म्हणाला. "नळी घ्यायला चल."

मोटारसायकलच्या गॅरेजातून पेट्रोलची नळी आणि पितळेचा तीन तोंडांचा जोड आणला. ठिबकची नळी चालत नाही, पेट्रोलने ती मऊ होऊन फाटते, कुणी करू नये. पंप टाकीच्या जवळच आहे. पंपाच्या पुढे लगेच जोड टाकला, त्याचं एक तोंड कार्बोरेटरकडे, दुसरं परत टाकीकडे. टाकीवरचं पत्र्याचं झाकण खोलून लांब झाडाखाली नेलं, तिथे भोक पाडलं, नळीचं तोंड बसवलं. परतीच्या नळीत जुन्या कार्बोरेटरचं बारीक भोकाचं पितळी जेट घातलं, म्हणजे सगळंच परत जाऊ नये, जास्तीचंच जावं. हे जेट इनासने त्याच्या खिशातून काढलं. गास सोडलं तेव्हापासून ते त्याच्या खिशात होतं.

चालू केली. चकती अडीचवर. निळी अशी वाजू लागली की जणू मांजर घुरघुरतंय. दूधवाला थांबून बघू लागला. बोनेट उघडून वाटीला हात लावला, कोरडी. चढावरून वर खाली नेऊन आणली, धूर नाही, धक्का नाही. मी वसंताला हाक मारली, "आण आईला."

आका येऊन पुढच्या सीटवर बसली. मी दार लावलं. ती बसली, इकडे तिकडे बघितलं, आणि खोकली.

वसंत दाराकडे सरकला. इनास आभाळाकडे बघू लागला. त्याचा मला जास्त राग आला.

मग मी नाक सीटला लावलं. सगळा वास सीटच्या कव्हरांत नि पायाखालच्या जाजमात मुरला होता. इंजिन निर्दोष सुटलं आणि गादी अडकली! मी कव्हरं ओरबाडून काढली, जाजम काढलं, विहिरीवर नेऊन साबणाने आपटली. केळव्याच्या बायका बघत होत्या की हा कुठला म्हातारा गाडीचे कपडे धुतोय. सुनेने रिठ्याचं पाणी दिलं. दारं उघडी टाकून गाडी दिवसभर सुरूच्या वाऱ्यात उभी केली. मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो, जसं कुणी आजाऱ्याच्या उशाला बसतं. वसंत दोनदा येऊन म्हणाला, मामा, जेवा. जेवलो नाही.

दुपार कलली तेव्हा आका काठी टेकत आपणहून आली. कुणाला न विचारता दार उघडून बसली. नाक वर करून लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"काय येतो वास?" मी विचारलं.

"रिठ्याचा." मग म्हणाली, "नि जरा ओल्या कुत्र्याचा."

"खोकला?"

"दाम्या, खोकला असता तर मी खोकले नसते का? उद्या निघू. वसंत्या, माझं लुगडं काढून ठेव, हिरवं."

परत

सकाळी निघालो. वसंत बोटीपर्यंत मागून मोटारसायकलवर आला. पोहोचवायला नव्हे, बघायला. जलसारच्या जेटीवर तोच निळ्या शर्टाचा माणूस उभा होता. आमची गाडी पाहून त्याने आधी वाळूची बादली उचलली. मग वास घेत घेत गाडीभोवती फेरी मारली आणि बादली खाली ठेवली.

"काका, आज ढकलायचं नाही?"

"तुला हौस असेल तर ढकल."

आका खिडकीबाहेर हात काढून खाडीचा वारा घेत होती. वसंताने जेटीवरून हात केला, मी नाही केला, आकाने केला. पलीकडे निळी एका किल्लीत सुरू झाली. मागच्या सीटवर इनास शेवग्याच्या शेंगांच्या जुडीखाली चेपून बसला होता. म्हणाला, "अडीच बरोबर आहे." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

गासला आल्यावर आकाने आधी विहीर गाठली. बायकोने पोहरा ओढून दिला. ती ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "खारं झालंय जरा." पण आणखी प्यायली.

मला वाटलं, झालं. जिंकलो.

पण आमच्या वाडीच्या मागे आता इमारती झाल्यात, आणि इमारतींच्या मागे मोकळ्या जागेत कुणीतरी रोज कचरा पेटवतं. प्लास्टिक, गाद्या, काय काय. समोरच्या रस्त्याने भरणीचे डंपर जातात, त्यांची धूळ वेगळी. आम्हाला सवय झालीय. आकाला नव्हती. रात्री तिला झोप लागली नाही, उशाला टेकून बसून खोकत राहिली. वसंतासमोर मी गाडी कोरडी करून दाखवली, आकाला नाकाने शपथ घ्यायला लावली, आणि जो धूर मी पेटवला नाही त्याने तिला धरलं. कुणाशी भांडायला जावं तर तिथे माणूसच नसतो, फक्त आग असते. बायको म्हणाली, उद्या वसंताला फोन करा, घेऊन जाऊ दे. मी म्हटलं, उद्याचं उद्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मी तिला विचारलं नाही. गाडी काढली, तिला पुढे बसवलं, अंगावर शाल टाकली आणि कळंबच्या किनाऱ्यावर नेली. सुरूच्या कडेला, वाळूच्या अलीकडे, गाडीचं तोंड समुद्राकडे करून उभी केली, इंजिन बंद केलं आणि चारही दारं उघडली. भरती येत होती. मासेमारीच्या होड्या निघून गेल्या होत्या. आकाने दोन-चार श्वास घेतले, काहीतरी बोलायला गेली, आणि बोलता बोलताच तिची मान सीटवर कलली नि ती बारीक घोरू लागली.

ऊन वर आलं तेव्हा वसंताचा फोन आला. "मामा, आई कशी आहे? खोकला नाही ना?"

"झोपलीय."

"अजून? उठली नाही बिछान्यातून?"

"बिछान्यात नाही. गाडीत."

"मामा, त्या गाडीत?"

"हो, त्याच गाडीत. हळू बोल, उठेल ती," असं म्हणून मी फोन बंद केला आणि ऊन तिच्या तोंडावर येत होतं त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.